वावरात, पायव्यात, भिंतीत जुनी नाणी सापडली तर? नागपूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळी नांगरणी सुरू झाली आणि घरांचे पायवे खोदायला लागले, की नाण्यांचे फोटो यायला लागतात. कुही, भिवापूर, रामटेक, पारशिवनी, मौदा, कधी भंडाऱ्याकडून, तर कधी थेट नागपूरच्या महाल भागातल्या पडक्या वाड्यातून. फोटो निरनिराळे असतात, प्रश्न मात्र तेच ते. म्हणून ते इथे एका जागी लावले आहेत. कायद्याचं सर्वसाधारण चित्र यातून कळेल. भाऊबंदकीचा किंवा पोलीस केसचा मामला असेल, तर मात्र वकील गाठा.

१. वावर नांगरताना नाण्यांनी भरलेलं मडकं निघालं. सगळ्यात आधी काय करू?

ट्रॅक्टर थांबवा आणि पुढे उकरू नका. सांगायला सोपं आहे, पण तोवर आजूबाजूच्या वावरांतली माणसं धावत आलेली असतात आणि जो तो हात घालायला बघतो. तरीही मडकं जमिनीत जसं आहे तसं राहू द्या. मोबाइलवर फोटो काढा. एक लांबून, त्यात धुरा (बांध), विहीर किंवा एखादं झाड दिसलं पाहिजे. दुसरा जवळून, बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून. किती खोल होतं ते वितीनं का होईना मोजा आणि मोबाइलच्या नकाशात जागेची खूण साठवून ठेवा.

मडकं फाळानं फुटलंच असेल, तर खापरं धुऱ्यावर भिरकावू नका. खापराच्या घडणीवरून काळाचा अंदाज येतो. नाण्यांना चिकटलेली माती, कापडाचा तुकडा, दोऱ्याचा अंश, हे सगळं नाण्यांसोबतच ठेवा. तांब्याच्या गंजात कापडाचे धागे शेकडो वर्षं टिकलेले असतात आणि नाणी थैलीत बांधून ठेवली होती का, हे त्यावरून कळतं. विखुरलेली नाणी एकाच कोरड्या भांड्यात गोळा करा. मग पोलीस पाटील किंवा तलाठ्याला बोलवा आणि गावातल्या दोघाचौघांसमोर मोजणी होऊ द्या. पुढचं प्रश्न ३ मध्ये.

२. 'निखात निधी' म्हणजे काय? एकच नाणं सापडलं तरी तो निधी होतो का?

हा शब्द १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमातला आहे. इंग्रजांच्या काळातला हा कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेली कोणतीही मोलाची चीज म्हणजे निधी. त्यामुळे पायव्यातला हंडा जितका निधी, तितकीच वाड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यामागची थैलीही. सोनंचांदीच हवं असं नाही.

दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला, तर कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये! १८७८ मध्ये ही बरी रक्कम होती. आज चांदीचं एक नाणंही ती मर्यादा सहज ओलांडतं. म्हणजे एकट्या नाण्यालाही कायदा लागू होऊ शकतो. नदीत किंवा रस्त्यात सुटं पडलेलं नाणं हा जरा वेगळा मामला, तो प्रश्न १६ मध्ये पाहा.

३. कळवायचं कोणाला? अर्जात काय लिहू?

कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना, आणि तेही लेखी. तोंडी सांगून भागत नाही. नागपूर जिल्ह्यात तहसीलदारांमार्फत अर्ज दिला तरी चालतो, पण अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्याच नावे करा आणि पोच घ्या. अर्जात काय सापडलं, अंदाजे किती किंवा किती किमतीचं, कुठे सापडलं (गट क्रमांकासह) आणि कोणत्या तारखेला, एवढं हवं. त्यासोबत निधी जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी पोलीस येतात, पंचनामा होतो आणि ऐवज त्यांच्या ताब्यात जातो. त्यात वावगं काही नाही. मात्र पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि त्यात नाण्यांची संख्या व एकूण वजन दोन्ही लिहिलं आहे ना, हे सही करण्याआधी वाचा. 'अंदाजे एक मडके जुनी नाणी' अशी नोंद तुमच्याही कामाची नाही आणि इतिहासाच्याही. पोलिसांकडे ऐवज गेला म्हणून तुमचा लेखी अर्ज टळत नाही. हिस्सा मिळायचा तो त्या अर्जाच्या जोरावर.

४. सगळं सरकारच घेऊन जाणार असेल, तर सांगायचं कशाला?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यातलं गृहीतच चुकीचं आहे. सापडणाऱ्याचा, म्हणजे ज्याला निधी सापडला त्याचा, हक्क कायद्यानं मान्य केलेला आहे.

क्रम असा असतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि या निधीवर कोणाचा दावा असेल तर अमुक दिवशी हजर राहा, असं सांगतात. हा दिवस सूचनेनंतर चार महिन्यांच्या आत नसतो आणि सहा महिन्यांच्या पुढेही नसतो. चौकशीत कोणी खरा मालक निघाला नाही, तर निधी बेवारस ठरतो. मग वाटणी होते. सापडणारा आणि जागेचा मालक वेगळे असतील आणि त्यांच्यात आधीचा काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. जागेचा मालक म्हणून कोणी दावाच केला नाही, तर सगळं सापडणाऱ्याचं.

आता सरकारचा भाग. वाटणीपूर्वी जिल्हाधिकारी तो निधी, किंवा त्यातला काही भाग, सरकारसाठी घेऊ शकतात. जुन्या नाण्यांच्या बाबतीत बहुधा हेच होतं. पण ते फुकट घेता येत नाही. धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश एवढी जादा रक्कम द्यावी लागते. समजा, चांदीच्या नाण्यांची धातू म्हणून किंमत एक लाख ठरली. सरकार १,२०,००० रुपये देईल. त्यातले ९०,००० सापडणाऱ्याचे, ३०,००० जागामालकाचे.

हे सूत्र न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. सोन्याचांदीच्या बाबतीत ते ठीक आहे. पण सातवाहनांची पोटीनची नाणी म्हणजे तांबं, शिसं, कथील यांचं मिश्रण. धातूच्या भावानं त्या अख्ख्या मडक्याचे ट्रॅक्टरच्या डिझेलइतकेही पैसे येणार नाहीत. अभ्यासाच्या दृष्टीनं मात्र तेच मडकं सोन्याच्या हंड्यापेक्षा मोलाचं असू शकतं. सापडणाऱ्याला चांगलं बक्षीस मिळालं, तर निम्मी नाणी वितळण्यापासून वाचतील. कायदा बदलेपर्यंत मात्र व्यवहार याच सूत्रानं होतो आणि त्याला वेळही लागतो.

आणि न सांगितलं तर? तुमचा सगळा हिस्सा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. जागामालकानं या लपवालपवीला साथ दिली, तर त्याचाही हिस्सा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

५. वावर माझं, पण मडकं लागलं मजुराला (किंवा जेसीबीवाल्याला). तीन हिस्से त्याचे?

करार नसेल तर हो, प्रत्यक्ष सापडणाऱ्याचे तीन आणि मालकाचा एक. अनेक मालकांना हे ऐकून धक्का बसतो आणि मग ते मजुराला पाचशे रुपये देऊन घरी पाठवतात. तसं करू नका. पंचनाम्यात त्याचं नाव येऊ द्या. नंतर तो मजूरच साक्षीदार होतो आणि नाव लपवलेलं असेल तर अख्खं प्रकरण तुमच्यावर उलटतं.

दोन अपवाद. सरकारी कामाच्या ठेक्यात बहुधा अशी अट असते, की खोदकामात सापडलेल्या पुराणवस्तू सरकारच्या. तिथे करार आधी वाचा. दुसरा अपवाद क्वचित दिसतो. जुन्या खरेदीखतात विकणाऱ्यानं 'जमिनीत काही निधी सापडल्यास तो माझा' असं लिहून ठेवलेलं असेल, तर निधीपुरता मालक तोच धरला जातो. सातबारा तुमच्या नावावर असला तरीही.

६. आमच्याच वाड्याच्या भिंतीत सापडलं. पणजोबांनीच ठेवलं असणार. तरी सांगायचं?

सांगायचंच. फरक एवढाच, की इथे तुम्ही सापडणारे म्हणून नाही, तर खऱ्या मालकाचे वारस म्हणून दावा करू शकता. निधी गेल्या शंभर वर्षांत दडवलेला आहे आणि दडवणारा माणूस दावेदाराचा पूर्वज आहे, असं मानायला जागा असेल, तर जिल्हाधिकारी चौकशी थांबवून तुम्हाला दिवाणी न्यायालयात दावा लावायला मुदत देतात. त्यासाठी पुरावा लागतो. जुनी वही, मृत्युपत्र, वाटणीपत्र, एखादं पत्र. 'आजी सांगायची' एवढ्यानं भागत नाही, पण तेही लिहून द्या.

नाण्यांवरची सालं इथे फार उपयोगी पडतात. मडक्यात व्हिक्टोरिया आणि पंचम जॉर्जचे रुपये असतील, तर शंभर वर्षांचा हिशेब जमू शकतो. भोसलेकालीन रुपयेच असतील, तर अवघड आहे. आणि एक धोका. ठरलेल्या दिवशी हजर राहिला नाहीत, तर हक्क जातो. वाड्याचे वारस पुण्याबंगळुरात पांगलेले असतात. भावकीचं भांडण नंतर करा, आधी तारखेला जा.

७. नाणी चिंचेनं किंवा लिंबानं घासून चकचकीत करू का? काहीच वाचता येत नाही.

नाही. पितांबरी नाही, रांगोळी नाही, तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर नाहीच नाही.

हे एवढ्या जोरात सांगण्याचं कारण असं, की नाणी चोरीला जाण्यापेक्षा धुण्यानं जास्त मरतात, असं मला फोटो बघून वाटायला लागलं आहे. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या पोटीनच्या नाण्यात मूळ धातू थोडाच शिल्लक असतो. अक्षरं आणि चिन्हं बऱ्याचदा त्या हिरवट-काळ्या थरातच टिकलेली असतात. थर गेला की ब्राह्मी या प्राचीन लिपीतली अक्षरं गेली आणि हातात उरते गुळगुळीत चकती. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरते. ती घासलीत तर नाण्याचा पृष्ठभागच निघून येतो, शिवाय शिसं विषारी आहे, हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. चिकटलेला गठ्ठा हातानं सोडवायला गेलात तर नाण्याचे तुकडे पडतात.

कोरड्या जागी, कागदात किंवा सुती कापडात ठेवा. ओली नाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो आणि गंज वाढतो. वाचता येत नसेल तर तिरप्या उजेडात फोटो काढा. सकाळच्या कोवळ्या उन्हात नाणं आडवं धरलं तरी बरीच अक्षरं दिसतात. बाकीचं काम प्रयोगशाळेतल्या संवर्धकाचं.

८. नाणं किती जुनं आहे, हे साधारण कसं ओळखायचं?

आपल्या भागात जे सापडतं, त्याचा ढोबळ क्रम सांगतो.

वेडावाकडा, कापलेला चांदीचा तुकडा आणि त्यावर सूर्य, चक्र, डोंगर असे सुटे ठसे असतील, तर ती आहत नाणी. भारतातल्या सगळ्यात जुन्या नाण्यांपैकी ही आहेत. वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत. त्यानंतर स्थानिक राजांची लहान नाणी येतात. भंडारा जिल्ह्यातलं पवनी आणि कुही तालुक्यातलं अडम ही त्या काळची मोठी ठिकाणं. मग सातवाहन. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि कडेनं ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं, म्हणजेच उज्जैन चिन्ह. एवढं दिसलं तर विदर्भातलं सातवाहन पोटीन नाणं असण्याची शक्यता दाट.

बोटाच्या नखाएवढं, दोन ग्रॅमच्या आसपासचं चांदीचं नाणं आणि त्यावर राजाचा चेहरा असेल, तर पश्चिमी क्षत्रप. यांच्यातल्या पुढच्या राजांनी चेहऱ्यामागे शक संवताचं वर्षच घातलं आहे. प्राचीन भारतीय नाण्यांत ही चैन विरळा. जाडजूड चांदीवर ओळखू न येणारा चेहरा आणि मागे ठिपक्यांची वेदी असेल, तर ती मध्ययुगातली गधैया नाणी. फारसी अक्षरं असतील, तर सुलतान, बहमनी, अचलपूरचे इमादशाही, मुघल यांपैकी कोणीही. मुघलांची टांकसाळ एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात होती. नागपूरकर भोसल्यांचे रुपयेही मुघल बादशहाच्या नावानंच पाडलेले आहेत. त्यामुळे फारसी दिसलं की 'हे भोसल्यांचं नाही' असं ठरवू नका. जाड तांब्यावर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' असेल, तर शिवराई.

९. रामटेकजवळ सापडलं, म्हणजे वाकाटकांचंच असणार ना?

असेलच असं नाही. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे नगरधन, आणि तिथल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे. पण वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडली का, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. नागपूर विद्यापीठातले नाणेतज्ज्ञ प्रा. अजय मित्र शास्त्री यांनी विदर्भातली काही तांब्याची नाणी वाकाटकांची मानली. सगळ्यांना ते पटलं नाही. अशा वादात बाजारातून आलेल्या नाण्याला वजन नसतं. कोणत्या थरात, कशासोबत मिळालं हे माहीत असलेलं एक नाणंही पुरतं. म्हणून प्रश्न १ मधले फोटो.

१०. एवढी नाणी कोणी पुरली असतील? आणि न्यायला परत का आलं नाही?

बँक नव्हती, जमीन होती. व्यापारी, सावकार, सैनिक, देवस्थानाचे कारभारी, सगळेच पैसा पुरत. स्वारी आली, दुष्काळ पडला, प्रवासात माणूस वारला, की पुरलेलं तिथेच राहिलं. नेमका माणूस जवळजवळ कधीच सापडत नाही. पण केव्हा पुरलं, हे बऱ्याचदा कळतं. संचयातलं, म्हणजे एका जागी पुरलेल्या नाण्यांतलं, सगळ्यात नवं नाणं ज्या वर्षाचं, त्यानंतरच मडकं जमिनीत गेलं. हा हिशेब साधा आहे, पण त्यासाठी सगळी नाणी एकत्र हवीत.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीची सुमारे १३,२५० नाणी मिळाली. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्रानं नहपानाचा पराभव केला, याचा याहून ठोस पुरावा कुठला हवा? पंधरा-वीस नाणी मिळाली असती, तर ती किरकोळ गोष्ट वाटली असती. प्रमाण दिसलं म्हणून अर्थ लागला.

आपल्या विदर्भातलं उदाहरण तऱ्हाळ्याचं. तेव्हाचा अकोला, आताचा वाशीम जिल्हा. १९३९ मध्ये तिथे सातवाहनांची दीड हजारांवर पोटीन नाणी निघाली आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली. पुराणांतल्या राजांच्या यादीत ही नावं नाहीत. म्हणजे एका मडक्यानं राजे परत आणून दिले, आणि ते ओळखता आले ते बाकीच्या ओळखीच्या राजांच्या नाण्यांसोबत होते म्हणून.

उलट उदाहरण राजस्थानातल्या बयान्याचं. १९४६ मध्ये तिथे गुप्तांची सोन्याची नाणी निघाली. १,८२१ नाण्यांची यादी झाली. बाकीची काही त्याआधीच हातोहात गेली आणि वितळली. त्यांत काय होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

११. मग हजारातली दहा-वीस आठवण म्हणून ठेवली तर काय बिघडतं?

कायद्याचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे. ज्ञानाच्या बाजूनं बोलायचं, तर माणूस आठवण म्हणून कोणती नाणी उचलतो? वेगळी दिसणारी, मोठी, चांगली अक्षरं असलेली. नेमकी तीच. नवशे नव्वद नाणी एका राजाची असतील आणि दहा नाणी नंतरच्या, तर ती दहा गेल्यावर संचयाचा काळच चुकतो. सरपंचांना दोन, ठाण्यात दोन, जावयाला एक, असं वाटप मी ऐकलेलं आहे. कोणाचंच मन मोडलं नाही, संचय मात्र मोडला.

१२. इतवारीत सराफाला दाखवून किंमत काढू का? विकली तर?

दाखवू नका आणि विकूही नका. सराफ धातूचा भाव सांगेल, जो तुम्हाला तसाही मिळणार आहे. कळवण्याआधी विकणं म्हणजे प्रश्न ४ मधला गुन्हा. शिवाय १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाला कुरिअरनं 'दोनच' नाणी पाठवणंही यात आलं.

१३. व्हिडिओत एका जुन्या नाण्याला पाच लाख मिळतात म्हणतात. खरं आहे का?

तुमच्याकडच्या नाण्याला, जवळजवळ नक्कीच नाही. नुसत्या वयाला किंमत नसते. शिवराई साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगते, पण साध्या शिवराया इतक्या उपलब्ध आहेत की त्या शे-दोनशेत मिळतात. दुर्मिळ प्रकार, स्थिती आणि कायदेशीर मालकीचा पुरावा, या तिन्हींवर किंमत ठरते. जमिनीतून काढून लपवलेल्या नाण्याकडे तिसरी गोष्ट नसते.

'तुमचं नाणं विकून देतो, आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा' असे फोन येतात. ते सरळ फसवणुकीचे. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच जाहीर केलं, की तिच्या नावानं जुन्या नोटा-नाण्यांवर शुल्क मागणाऱ्यांशी तिचा काही संबंध नाही.

१४. कंपनी सरकारचं १८१८ चं रामदरबार नाणं आहे. 'तांदूळ ओढतं' म्हणतात. कितीला जाईल?

कितीलाही नाही. ईस्ट इंडिया कंपनीनं राम-सीता किंवा हनुमानाची नाणी पाडली नाहीत. ही अलीकडच्या काळातली टोकनं आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही.

'राईस पुलर' हा त्याचाच पुढचा धंदा. नाण्याला किंवा भांड्याला तांदळाचे दाणे चिकटून दाखवतात, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार म्हणतात आणि 'चाचणी'च्या नावाखाली लाखो उकळतात. शिकलेली माणसंसुद्धा यात बुडाली आहेत. कोणी असं काही दाखवायला आलं, तर पोलिसांना फोन करा.

१५. गावात मांत्रिक म्हणतो, तुमच्या घराखाली धन आहे, पायाळू माणूस लागेल. खोदावं का?

नाही. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, धनावर नाग बसलेला असतो, त्याला काहीतरी द्यावं लागतं, या गोष्टी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत. संचय सापडतात ते नांगराला, फावड्याला आणि जेसीबीला. गुप्तधनाच्या नादात पोरांचे जीव गेले आहेत, म्हणून यावर विनोद करायची माझी इच्छा नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, वर दंड. नरबळीचा नुसता संशय आला तरी पंचनाम्याची वाट बघू नका, लगेच ११२ लावा.

१६. कन्हानच्या किंवा वैनगंगेच्या पात्रात सुटी नाणी मिळतात. तीही जमा करायची?

नदीत नाणं टाकायची आपली जुनी सवय आहे, त्यामुळे घाटाखालच्या रेतीत इंग्रजी पैशांपासून कालच्या दोन रुपयांपर्यंत सगळं मिळतं. कायदा दडवलेल्या धनाबद्दल बोलतो. वाहून आलेलं सुटं नाणं त्यात बसतं का, यावर वाद घालता येईल, पण तो निवाडा आपण स्वतःच करून घेऊ नये. प्राचीन नाणं वाटलं, किंवा एकाच जागी एकापेक्षा जास्त मिळाली, तर कळवा. काठ ढासळून वरचं मडकं फुटलं असण्याची शक्यता असते.

१७. मेटल डिटेक्टर घेऊन मनसर, अडम, मांढळकडे फिरलो तर?

संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे घराचं बांधकाम करायलाही नियम आडवे येतात. स्थळ संरक्षित नसलं तरी दुसऱ्याच्या वावरात खड्डे पाडायचा हक्क कोणालाच नाही. ज्याला खरंच हौस आहे, त्यानं विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात चौकशी करावी. उत्खननात हातांची गरज असते.

१८. कळवलं तर जमीन जाईल का? घराचं काम अडेल का?

संचय सापडला म्हणून सातबारा बदलत नाही. पुरातत्त्व विभागाची माणसं येऊन पाहणी करतात, आजूबाजूला थोडं तपासतात. मडकं एकटंच असेल, तर काम पुन्हा सुरू होतं. खाली विटांचं जुनं बांधकाम, विहीर किंवा वस्तीचे थर निघाले, तर वेळ लागू शकतो. जागा केंद्राच्या कायद्याखाली संरक्षित करायची झाली, तरी आधी जाहीर सूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. रात्रीतून काही होत नाही.

१९. आजोबांच्या पेटीत जुनी नाणी आहेत. तीही द्यावी लागतील?

नाही. ती जमिनीत सापडलेली नाहीत, वारशानं आलेली आहेत. ठेवा, जपा, आणि कोणाकडून आली ते एका कागदावर लिहून पेटीतच टाका. व्यापार आणि परदेशी पाठवण्याचे निर्बंध मात्र इथेही लागू (प्रश्न १२), आणि धुण्याबद्दलची विनंतीही (प्रश्न ७).

२०. जमा झालेली नाणी नागपुरात बघायला मिळतात का?

सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जा. संग्रहालय १८६३ चं आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, त्यामुळे आज मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये असलेल्या भागांशीही इथल्या संग्रहाचा संबंध आहे. सगळी नाणी कपाटात मांडलेली दिसणार नाहीत. अभ्यासासाठी बघायची असतील, तर अभिरक्षकांना लेखी अर्ज करावा लागतो.

२१. काही वर्षांपूर्वी सापडली होती. भीतीनं कोणाला सांगितलं नाही. आता काय?

हा प्रश्न नेहमी नाव न सांगता येतो, आणि 'एका मित्राची गोष्ट आहे' अशी सुरुवात असते. उशिरा सांगणाऱ्याला माफी, अशी तरतूद कायद्यात नाही. त्यामुळे आधी वकिलाशी बोला आणि त्यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या. स्वतःहून आलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्याकडे एकाच नजरेनं पाहिलं जात नाही.

वकिलाकडे जायच्या आधी एक काम घरी बसून करता येतं. आठवतं ते सगळं लिहून काढा. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, वावराच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, मडकं मातीचं होतं की तांब्याचा गडू, सोबत कोण होतं, किती नाणी होती, त्यातली कोणाकडे किती गेली, त्यातली कोणती परत मागता येतील. मडक्याची खापरं कुठे टाकली ते आठवत असेल तर तेही लिहा. धुऱ्यावर टाकलेली खापरं बहुतेक वेळा अजून तिथेच पडलेली असतात.